तोंड मिटून हसा

१४ नोव्हेंबर १९७१

काल जामखेडला कार्यक्रम संपल्यावर तिथल्या एका वकिलांनी विचारलं, "हा ऑर्केस्ट्रा कोणाचा?" माधव म्हणाला, "माझा." मी त्याच्या शेजारी उभी होते. म्हणून आजपासून लिहायचं ठरवलं आहे. पुढं कधी कोणी विचारलं तर माधव सांगेल तेवढंच खरं ठरायला नको.

खरं ते असं. कॉलेजात असताना माधवकडे गिटार होती आणि गावभर ओळखी होत्या. माझ्याकडे गळा होता आणि चाली होत्या. ‘स्वरवेल’ हे नाव माझ्या वडिलांनी, नानांनी ठेवलं. सिनेमातली गाणी नगरमधला प्रत्येक ऑर्केस्ट्रा वाजवतो. आमच्या कार्यक्रमात चार-पाच गाणी आमची स्वतःची असतात, शब्द नानांचे आणि चाल माझी. नाना कोर्टात नाझर होते, निवृत्त झाल्यावर गाणी लिहायला लागले. त्यांचं ‘पाटाचं गाणं’ मी म्हणते तेव्हा बायका पोरांना मांडीवर गप्प करतात. हे माधवच्या गिटारीनं होत नाही.

ड्रमवर छगन आहे, श्रीगोंद्याकडचा. घरी शेती, शिक्षण जेमतेम, पण ठेका घड्याळासारखा. माधव गिटार वाजवतो आणि शेजारी ठेवलेल्या अ‍ॅम्प्लिफायरची बटणंही तोच सांभाळतो. दुसऱ्या कोणाला हात लावू देत नाही.

८ डिसेंबर १९७१

लढाई सुरू झाल्यापासून संध्याकाळी सगळं गाव काळं. गावाशेजारीच लष्कर, त्यामुळे आमच्याकडे जरा जास्तच कडक. सावेडीत आमच्या घराच्या काचांना नानांनी काळे कागद चिकटवले आहेत. खिडक्या बंद, आत कंदील, त्या धुरात आमचा सराव. आज दोनदा आवाज फाटला. माधव म्हणाला, धुरानं असेल. धुरानंच.

२७ जानेवारी १९७२

विजयाचे कार्यक्रम थांबत नाहीत. राहुरी, नेवासे, पुन्हा नगर. थंडीत उघड्या मैदानावर गायचं, मग टेम्पोतून वारा खात परत. नाना बळेच डॉक्टरांकडे घेऊन गेले. आरसा घशात घालून डॉक्टर म्हणाले, सूज जुनी दिसते. दोन महिने गाणं बंद, बोलणंसुद्धा बेतानं, नाहीतर आवाज कायमचा जाईल. डॉक्टरांना अशी भीती घालायची सवयच असते. मी दोन महिने बसले तर लोक दुसऱ्या कोणाला ऐकायला लागतील, हे त्यांना कोण सांगणार.

माधवला सांगितलं. तो बराच वेळ गिटारीच्या खुंट्या पिळत बसला. मग म्हणाला, कोरसला एक मुलगी घेऊ, तुझ्यावरचा ताण कमी होईल. शहाणपणानं बोलला.

१२ फेब्रुवारी १९७२

कोरसची मुलगी आली. नाव दमयंती, भिंगारला शाळेत शिकवते. तोंडावर देवीचे व्रण आहेत, त्यामुळे सारखी पदर गालाशी धरून बोलते. गाते बरी. भजनात गायल्यासारखी, सरळ. तिला छगनच्या मागं, अ‍ॅम्प्लिफायरजवळ बसवलं आहे, समोरून दिसत नाही. तिच्यासाठी वेगळा माइक आणला. कोरसला वेगळा माइक कशाला, असं मी विचारलं. माधव म्हणाला, "तुझ्या आवाजाला आधार."

माझी सगळी गाणी तिला पाठ करायला सांगितली आहेत. रोज शाळा सुटल्यावर येते आणि मी म्हणते तसं अगदी श्वासासकट म्हणते. मला ‘विजयाताई’ म्हणते. माझ्याहून वयानं मोठी असावी.

५ मार्च १९७२

काल नेवाशाला कमाल झाली. सकाळपासून गळा घोगरा होता, चहा गिळतानाही टोचत होतं. नानांनी ज्येष्ठमध दिला, तो मी रस्त्यात थुंकून टाकला. पण गायला उभी राहिले आणि काय झालं कोण जाणे. कर्णे मैदानाच्या पार टोकाला बांधलेले. तिकडून माझा आवाज परत येत होता तो इतका स्वच्छ, की मलाच नवल वाटलं. वरच्या सुराला जोर लावावासुद्धा लागला नाही. ‘पाटाच्या गाण्या’ला वन्समोअर.

परतताना टेम्पोत छगननं विचारलं, "ताई, तुमाला गाताना कसं ऐकू येत हुतं?"

मी म्हटलं, "छान. का?"

"न्हाई, आपलं इचारलं." या लोकांना कौतुकही धड करता येत नाही.

२० मार्च १९७२

कापड बाजारातल्या साड्यांच्या दुकानात मुंबईच्या एका गिरणीचा फोटोग्राफर आला आहे. गिरणीच्या कॅलेंडरसाठी त्याला ‘घरंदाज पण आधुनिक’ मुलगी हवी होती. माधवनं माझं नाव सुचवलं. नानांना आधी पटेना. मी म्हटलं, गाण्याचीच जाहिरात होईल.

दिवसभर दिव्यांसमोर उभी होते. नारळाच्या झाडाचा पडदा मागं, हातात एक खोटं वीणेसारखं काहीतरी. मी तारेवर बोटं नीट ठेवली तर फोटोग्राफर म्हणाला, बोटं नकोत, काठ झाकला जातो. मग गुणगुणायला लागले, तर म्हणाला, "बाई, तोंड मिटून हसा. दात दिसले की नजर साडीवरून उडते."

इतका वेळ तोंड मिटून राहण्याची सवय नाही. पण संध्याकाळी गळ्याला बरं वाटलं, हेही लिहून ठेवते.

१८ एप्रिल १९७२

गिरणीचं साड्यांचं प्रदर्शन नगरला झालं, त्याआधी पुण्याला. एक लांब फळ्यांचा रस्ता केलेला, त्यावरून चालायचं, टोकाला वळायचं, पदर हातावर घेऊन दाखवायचा. मागं रेकॉर्ड लावलेली. बाकीच्या मुली मुंबईच्या, पाय कसे टाकायचे ते त्यांनीच शिकवलं. मला ते लवकर जमलं, कारण ठेका कळतो.

लोक टक लावून बघतात. गाताना बघतात तसं नाही. गाताना ते तुमच्याकडे बघता बघता दुसरीकडेच कुठंतरी जातात. इथं ते इथंच असतात.

ऑर्केस्ट्राची नवी पोस्टरं आली. वरपासून खालपर्यंत माझा फोटो, गिरणीच्या साडीतला. खाली ‘माधव आणि पार्टी’. ‘स्वरवेल’ बारीक अक्षरात. माधव म्हणाला, लोक नाव वाचत नाहीत, चेहरा बघतात.

३० जुलै १९७२

पाऊस नाही. आमच्याकडे तीन तारखा रद्द झाल्या. नाना माझ्या कार्यक्रमांना यायचे थांबले आहेत. गुडघे दुखतात म्हणे, पण रोज सकाळी सावेडी नाक्यापर्यंत चालत जाऊन पेपर आणतात.

१७ सप्टेंबर १९७२

गणपतीत निम्म्या मंडळांनी ऑर्केस्ट्रे बंद ठेवले, दुष्काळाची वर्गणी काढली. आम्हाला मात्र बोलावणी आहेत. माधव म्हणतो, हे तुझ्या कॅलेंडरमुळं. मला वाटतं गाण्यामुळं. सध्या आवाज असा लागतो की सांगता सोय नाही, विशेष म्हणजे फक्त स्टेजवर. घरी मात्र अजून खरखर आहे. नाना म्हणतात, विजू, घरी कशाला गातेस, जप. मी हसले. गळा लोकांसमोर खुलतो, भिंतींसमोर नाही, हे त्यांना कसं कळणार.

दमयंतीला माधव हल्ली भिंगारपर्यंत सायकलवर सोडायला जातो. रस्त्यात कुत्री आहेत म्हणे.

२३ ऑक्टोबर १९७२

लिहायचं नव्हतं. पण दुसरं कोणी लिहिणार नाही.

परवा श्रीगोंद्याकडच्या एका साखर कारखान्यावर हंगामाच्या सुरुवातीचा कार्यक्रम होता. ऊस निम्माही नाही, तरी मांडव घातलेला. जागा कमी, म्हणून कर्णे मैदानाच्या टोकाला न बांधता स्टेजच्या दोन्ही बाजूंना बांधले. चिपाडाचा बारीक भुसा हवेत उडत होता. दिवस मावळायच्या सुमाराला आम्ही सुरुवात केली. मला वाटलं कर्णे जवळ आहेत म्हणून आज आवाज एवढा मोठा येतोय.

‘पाटाच्या गाण्या’चं दुसरं कडवं सुरू केलं आणि भुसा घशात गेला. ठसका असा लागला की मी वाकले, पदर तोंडात कोंबला, डोळ्यांतून पाणी आलं.

आणि गाणं चालू राहिलं.

माझं तोंड पदराखाली होतं आणि माझं गाणं दोन्ही कर्ण्यांतून चाललं होतं. एक सूर हलला नाही. मी वर बघितलं. पुढच्या सतरंजीवरचे लोक माझ्याकडे बघत होते, मग कर्ण्यांकडे, मग पुन्हा माझ्याकडे. सगळ्यांत आधी छगननं काठ्या खाली ठेवल्या. मग बाकीचे थांबले. दमयंतीला दिसत नव्हतं, ती डोळे मिटून कडवं संपवत होती. तेवढ्यात बायकांच्या बाजूला कोणीतरी हसलं आणि मग सगळे हसले. माधवची मान अ‍ॅम्प्लिफायरवर खाली होती.

मी माइक हातात घेऊन त्यावर टिचकी मारली. काही आवाज आला नाही. बहुतेक मार्चपासूनच आला नसावा.

२४ ऑक्टोबर १९७२

माधव घरी आला. नाना उठून आतल्या खोलीत गेले, म्हणजे त्यांनाही माहीत होतं. बहुधा पहिल्यापासून.

मी विचारलं, "मला सांगितलं का नाहीस?"

तो म्हणाला, "सांगितलं असतं तर तू उभी राहिली असतीस? तुझा गळा गेलाय, विजया. नेवाशाच्या आधीच गेला होता. तुला काढून टाकायचं माझ्या जिवावर आलं. म्हणून झाकून नेलं."

"आणि पोस्टरवर माझा फोटो? तोही दयेनं?"

तो म्हणाला की पुढच्या कार्यक्रमापासून दमयंती पुढं उभी राहील, मी हवं तर निवेदन करावं. कमी बोलायचं काम आहे.

मी त्याला घालवून दिलं. आधी माझा माइक बंद करायचा आणि मग म्हणायचं तुझा गळा गेला.

२९ ऑक्टोबर १९७२

छगन आला होता. दारातच उभा राहिला. म्हणाला, "ताई, मी दोनदा सांगाया आल्तो. जीभ वळली न्हाई. माधवभाऊनी मला काढलं असतं तर घरी परत शेतात, आन् शेतात काय हाय औंदा."

मी म्हटलं, "दोनदा आलास आणि दोनदा गप्प बसलास." तो मान हलवून गेला. त्याच्यावर राग आहे की नाही ते ठरत नाही. सोपं म्हणून त्याच्यावर धरला.

५ नोव्हेंबर १९७२

दुपारी दार लावून घेतलं आणि पेटी काढली. खालच्या सुरापासून हळूहळू वर गेले. अजिबात वाईट नाही. थोडी सवय गेली आहे, एवढंच. वर जाताना जरा आवाज चिरतो, पण महिनाभरात बसेल. नाना बाहेरच्या खोलीत होते, ते बादली घेऊन पाणी भरायला गेले. नळाचं पाणी सकाळीच येऊन गेलं होतं.

९ जानेवारी १९७३

स्टेशनाकडच्या ग्रीन लॉन क्लबचे सेक्रेटरी आबासाहेब घरी आले. पूर्वी मामलेदार होते, नानांची कोर्टातली ओळख. क्लबात डॉक्टर, कंत्राटदार, काही लष्करी कुटुंबं येतात. शनिवारी संध्याकाळी नाच असतो. तिथं रेकॉर्डी लावायला त्यांना ‘जरा नीटनेटकी’ व्यक्ती हवी आहे. आत्तापर्यंत बेअरर रंगनाथ लावायचा. आबासाहेबांच्या दिवाणखान्यात माझं कॅलेंडर आहे, हेही त्यांनी नानांना सांगितलं.

मी हो म्हटलं. बोलायचं नाही, गायचं नाही, नुसतं उभं राहायचं. मला त्याचा आता अनुभव आहे.

२८ जानेवारी १९७३

काम बिनडोक आहे. रेकॉर्ड ठेवायची, सुई ठेवायची, संपली की काढायची. मधे जो वेळ जातो तेवढ्यात लोक खुर्च्यांकडे वळतात, बाटल्या उघडतात, आणि पुन्हा उठवायला दोन गाणी वाया जातात. मला ते बघवेना. चांगला जमलेला ठेका मधेच कापायचा म्हणजे काय.

आबासाहेबांना म्हटलं, दुसरा रेकॉर्ड प्लेअर द्या. त्यांनी घरचा आणून दिला.

१८ फेब्रुवारी १९७३

दोन प्लेअर शेजारी ठेवले. एकावर गाणं चालू असताना दुसऱ्यावर सुई ठेवायची, त्याचा आवाज बंद. सुईला कान लावला की बारीक किडा बोलावा तसं ऐकू येतं. पहिल्या गाण्याचा ठेका आणि दुसऱ्याचा ठेका जवळ आला की एकाचा आवाज उतरवायचा आणि दुसऱ्याचा चढवायचा. काल पहिल्यांदा बरोबर जमलं. नाचणाऱ्यांना कळलंसुद्धा नाही की गाणं बदललं. पाय थांबलेच नाहीत.

वर उभं राहिलं की सगळं दिसतं. कोण दमलं आहे, कोणाचं भांडण झालेलं आहे, कोणाला आणखी थोडा वेळ हवा आहे. एक वयस्कर डॉक्टर आणि त्यांची बायको कोपऱ्यात बसून असतात. काल मी जलद गाण्यातून सावकाश उतरत एका संथ इंग्रजी गाण्यावर आले आणि ते दोघं उठले. मी तेच गाणं पुन्हा लावलं, ते खाली बसू नयेत म्हणून.

अर्थात हे काही संगीत नव्हे. दुसऱ्यांनी गायलेलं, दुसऱ्यांनी वाजवलेलं. पण शनिवारची वाट बघते हे खरं. दुसरं काही नाही ना, म्हणून.

११ मार्च १९७३

‘पाटाचं गाणं’ रेकॉर्डवर आलं. माधव आणि दमयंती मुंबईला जाऊन आले होते, ते आज कळलं. कापड बाजारात एका दुकानात लावलेलं ऐकलं आणि आत जाऊन तबकडी बघितली. गायिका दमयंती. संगीत माधव. शब्द पारंपरिक.

विकत घेऊन घरी आणली. नानांनी चष्मा लावून वाचलं. "पारंपरिक," म्हणाले. "म्हणजे मी वारल्याला बराच काळ झाला." मग म्हणाले, लाव. मी शेजाऱ्यांचा प्लेअर आणून लावली. त्यांनी डोळे मिटून पुन्हा पुन्हा ऐकली. शेवटी हळूच म्हणाले, "मुलगी गाते मात्र छान."

मी त्यांच्याशी बोलणं बंद केलं आहे.

२२ एप्रिल १९७३

काल क्लबाचा वार्षिक दिवस होता. आबासाहेबांनी मोठ्या हौसेनं ऑर्केस्ट्रा बोलावला होता. कोणाचा, ते मला दुपारी कळलं. मी नको म्हणू शकले असते. त्यांच्या विश्रांतीच्या वेळात रेकॉर्डी लावायच्या एवढंच माझं काम होतं.

माधवनं मला नमस्कार केला, परक्यांना करतात तसा. दमयंती मात्र जवळ आली. पदर गालाला नव्हता. म्हणाली, "विजयाताई, मला वाटायचं तुम्हाला माहीत आहे. माधवरावांनी तसंच सांगितलं होतं." मी रेकॉर्डी पुसत राहिले.

ते वाजवायला लागले. चांगलं वाजवलं. पण ती बसून ऐकायची गाणी. क्लबातले लोक नटूनथटून नाचायला आलेले, ते भिंतीला टेकून उभे राहिले. मग विश्रांती झाली आणि मी सुरू केलं. एका गाण्यातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात. सगळी फरशी भरली. खुर्च्या बाहेर ढकलाव्या लागल्या. लष्करातले लोक, कंत्राटदार, त्यांच्या बायका, कोणी थांबायला तयार नाही.

ऑर्केस्ट्रा पुन्हा बसला. दमयंतीनं ‘पाटाचं गाणं’ धरलं. लोक घाम पुसत उभे राहिले. एका कडव्यानंतर मागून कोणीतरी म्हणालं, रेकॉर्ड लावा. मग आणखी दोघं-तिघं. आबासाहेबांनी तिच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे, आणि हात वर केला.

यंत्र तापलंय असं सांगता आलं असतं. गाणं संपेपर्यंत थांबता आलं असतं. मी सुई ठेवली आणि आवाज पूर्ण चढवला.

क्लबाचे कर्णे त्यांच्यापेक्षा मोठे आहेत. दमयंतीचं तोंड थोडा वेळ हलत होतं. ऐकू येत नव्हतं. मला बरं वाटलं, हे लिहायलाच हवं. खूप बरं वाटलं. छगन थोडा वेळ माझ्या रेकॉर्डच्या ठेक्याला धरून वाजवत राहिला. सवयीनं असेल. मग माझ्याकडे बघून थांबला. माधवनं स्वतःच्या अ‍ॅम्प्लिफायरची वायर ओढली. फरशीवर सगळे नाचत होते, त्यांच्यातून वाट काढत यांना सामान बाहेर न्यावं लागलं.



६ मे १९७३

आबासाहेब फार खूश. यापुढं ऑर्केस्ट्रा बोलवायची गरज नाही, असं कमिटीनं ठरवलं आहे. नगरच्या दुसऱ्या दोन ठिकाणांहूनही चौकशी आली. आबासाहेब म्हणाले, तुम्ही कधी आजारी पडलात तर पंचाईत नको, रंगनाथला सगळं शिकवून ठेवा. रंगनाथ पन्नाशीचा, मान खाली घालून ऐकतो. पण त्याला कळतं. दोन गाणी कशी जोडायची हे त्यानं आठवड्यात उचललं. शिकवायला मजा आली. कुठल्या गाण्यानंतर कुठलं शोभतं हे मला बोलून सांगता येतं, याचं मलाच आश्चर्य वाटलं.

२७ मे १९७३

आबासाहेबांनी सांगितलं की शनिवारी यायची तसदी घेऊ नका, रंगनाथ बघेल. फार आदरानं सांगितलं. क्लबाच्या पुढच्या दिवशी पाहुणी म्हणून या, म्हणाले. मी आजारी आहे का, असं मी विचारलं. ते हसले.

घरी येऊन नानांना सांगितलं. अडीच महिन्यांनी आम्ही पुन्हा बोलायला लागलो ते असं.

१० जून १९७३

स्वरवेल मोडली. क्लबातली गोष्ट गावभर झाली, आणि एवीतेवी दुष्काळात कोणाला नको होतंच. माधव मुंबईला गेला, एकटाच. दमयंती भिंगारच्या शाळेत परत. आज तिला बाजारात बघितलं. मी भाजीवाल्याशी बोलत असल्याचं दाखवलं. तिनं हाक मारली असती तर मी वळले असते का, कोण जाणे. तिनं मारली नाही. पदर पुन्हा गालावर होता.

१७ जून १९७३

दुपारी छगन आला. ओळखू येईना. श्रीगोंद्याच्या बाजूला रस्त्याच्या दुष्काळी कामावर खडी फोडत होता, हात फुटलेले. नानांनी त्याला आत बसवलं, मी चहा टाकला. मला वाटलं भांडायला आला असेल. मी मनात उत्तरंही तयार ठेवली होती. माइक बंद असताना तू गप्प बसलास, वगैरे.

तो म्हणाला, "ताई, आमच्याकडं आता लग्नाला वाजवनारा कुनी सांगत न्हाई. रेकाट मागत्यात. चुलत्याच्या पोरानं कर्णा आन् दोन मशिनी आनल्यात. तुमी क्लबात केलं ते मला शिकवा."

मी त्याच्यासमोर चहा ठेवला. तो म्हणाला, "राग न्हाई माझा. त्या दिशी लोक नाचत हुते ते मी बसल्या जागंवरनं बघितलं. माझ्या हातावर कवाच तसे नाचले न्हाईत."

हे तो टोमणा म्हणून बोलला असता तर बरं झालं असतं.

शेजाऱ्यांचा प्लेअर आणला, आबासाहेबांनी दिलेला दुसरा, क्लबानं नवा घेतल्यावर घरी आणलेला, माझ्याकडे अजून राहिला होता. दोन्ही चटईवर मांडले. सुईला कान कसा लावायचा ते दाखवलं. वरातीला आधी कुठलं लावायचं, लोक पेंगायला लागले की कुठलं, नवरीला निरोप द्यायच्या वेळी कुठलं नाही लावायचं, हे सगळं सांगितलं. त्यानं एकदाच ऐकलं आणि बरोबर जोडलं. ठेका त्याच्या हातातच आहे. पहिलं गाणं उतरत असताना त्याची बोटं चटईवर वाजत होती, ती दुसरं चढल्यावर थांबली. नाना दारात उभे राहून बघत होते. म्हणाले, याला तर शिकवावंच लागलं नाही.

मग छगननं विचारलं, तुमच्या गळ्याचं काय? मी म्हटलं, गेला. कोणाला हे पहिल्यांदाच सांगितलं. तो "आसं" म्हणाला आणि चहा संपवला.

चारच्या गाडीनं तो परत गेला. नाना स्टँडपर्यंत पोचवायला गेले. ड्रमचं काय केलं ते त्याला विचारायचं राहिलं. राहिलं म्हणजे, तीन तास तो समोर होता आणि मी विचारलं नाही.